पायका आकाशाकडे पाहते

आमची कोंबडी मंगळवारी सकाळी आकाशाकडे पाहू लागली. सहज नव्हे, मान पार पाठीवर टाकून, चोच वर, डोळे वर. आमची बायको ललिता अंगणात कपडे वाळत घालत होती, तिनंही वर पाहिलं. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो आणि मीही वर पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं. पाच मिनिटं आम्ही तिघं तसेच उभे होतो. गल्लीतून ट्युशनला निघालेल्या दोन पोरींनी स्कुटी थांबवून वर पाहायला सुरुवात केली, तेव्हा मला लाज वाटली आणि मी पेपर तोंडापुढे धरला.

"अजी, हिची मान काहून अशी झाली?" ललितानं विचारलं.

"झोपेत लचकली असन," मी म्हणालो. घरातल्या कर्त्या माणसानं काहीतरी निदान करावंच लागतं. निदान झाल्याबरोबर कोंबडीनं एक पाऊल पुढे टाकलं, दोन पावलं मागे गेली आणि शेपटीवर बसली.

कोंबडीचं नाव पायका. पायका म्हणजे छापखान्यात अक्षराचा एक आकार असतो, ना फार मोठा, ना फार बारीक. माझी बहीण माया शेंदूरजनाघाटला असते. दोन वर्षांपूर्वी तिनं संत्र्यांच्या पेटीत गवत घालून ही पाठवली होती. पेटी उघडली तेव्हा संत्री चार आणि कोंबडी एक असा हिशोब निघाला. मी आयुष्यभर राजापेठेत छापखाना चालवला, म्हणून तिला छापखान्याचं नाव दिलं. ललिताला 'सोनी' ठेवायचं होतं. आमच्याकडे असल्या वादात मी जिंकतो, बाकीच्या सगळ्या वादांत ललिता.

आता एका कोंबडीची मान वाकडी झाली तर एवढं काय, असं कोणी विचारलं तर मी त्याला दोष देणार नाही. त्याला इनायतुल्ला माहीत नाही.

इनायतुल्ला आमचा शेजारी. भिंतीला भिंत लागून. तो माझ्या छापखान्यात सव्वीस वर्षं कंपोझिटर होता. लाकडी केस असते, म्हणजे लहान लहान खाने पाडलेला उथळ ट्रे. एकेका खान्यात शिशाची सुटी अक्षरं असतात, त्यांना आम्ही खिळे म्हणतो. ते खिळे उचलायचे, ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान दोरीनं बांधून मशीनवर चढवायचं. इनायत हे काम माझ्याशी गप्पा मारत, केसकडे न पाहता करायचा. चूक दुरुस्त करताना दोन-तीन खिळे ओठांत धरून ठेवायचा, शिंप्यानं टाचण्या धराव्यात तसे. दुपारची भाकरही केसशेजारीच फडक्यावर सोडायचा. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्याच्या बोटांतून गेलेल्या आहेत. मी समोर टेबलाशी पंख्याखाली बसून प्रूफ तपासायचो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचो.

बारा वर्षांपूर्वी त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. ओळी गळायच्या, अक्षरं उलटी लागायची. मग वर्षभरात पानं सांडायला लागली. माझ्या मुलीच्या, भावनाच्या लग्नाची पत्रिका त्यानं जुळवली, उचलली आणि सांडली. पुन्हा जुळवली, पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा सांडली तेव्हा दुकानात पाच गिऱ्हाइकं बसलेली होती आणि माझं डोकं फिरलं.

"हात हायेत का लाकडं?" मी ओरडलो. "काम इसरला तू, इनायत! उद्यापासून नको येऊ."

तो खाली बसला, डाव्या हातानं खिळे वेचत राहिला, सगळे वेचून खान्यांत घातले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी नळावर भेटला तर म्हणाला, "चहा झाला का, शेषरावभाऊ?" तोवर मी त्याचा 'शेष्या' होतो. त्या दिवसापासून मी भाऊ झालो, आणि 'तू'चा 'तुमी' झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. इतक्या अदबीनं मला कोणी मारलेलं नाही.

माफी मागायची मला सवय नाही. छापखान्यात चूक राहिली तर शेवटच्या पानावर शुद्धिपत्र चिकटवतात. माणसाला ते कुठं चिकटवायचं? पुढे छापखानाही बंद पडला, सगळ्या केसेस मी घरामागच्या टिनाच्या छपराखाली आणून ठेवल्या, आणि आमचं 'चहा झाला का, झाला' एवढंच चालू राहिलं. मग पायका आली. तिनं पहिलं अंडं दिलं ते मी तसंच मुठीत घेऊन इनायतच्या दारात गेलो. "घे, तब्येतीले चांगलं असते," म्हणालो. त्याचा उजवा हात तोवर मनगटापासून खाली लोंबायला लागला होता. वात आहे म्हणून त्याची बायको रजियाबी त्याला तेल चोळायची. त्यानं डाव्या हातानं अंडं घेतलं आणि म्हणाला, "बसा."

मी बसलो. पाच मिनिटं. त्यानंतर रोज एक अंडं, रोज पाच मिनिटं. ललिता एकदा म्हणाली, "अजी, आपल्याले बी ठेवा एखादं." मी ऐकलं नाही. ते अंडं माझं शुद्धिपत्र होतं. अंडं बंद तर जाणं बंद. रिकाम्या हातानं त्या दारात जायचं काही कारण मला अकरा वर्षांत सापडलेलं नव्हतं.

आणि पायकानं गेल्या आठ दिवसांपासून अंडं दिलेलं नव्हतं. आता मानही गेली.

कोंबडी आजारी पडली की आमच्या गल्लीत डॉक्टर किती आहेत ते कळतं. पहिल्या आल्या रजियाबी. "नजर लगी भाऊ इसकू," त्या म्हणाल्या आणि लसणाची पाकळी ठेचून तिच्या चोचीत सारली. पायकानं ती माझ्या सदऱ्यावर परत केली. भाजीची गाडी लावणारा देवराव म्हणाला, "भाऊ, मान वाकडी असली तरी रस्सा काही वाकडा होत नाही." मी त्याच्याकडून चार दिवस भाजी घेतली नाही. अर्थात हे त्याला कळलं की नाही, शंकाच आहे.

मग आले सूर्यभानजी. हे कृषी खात्यातून रिटायर झालेले. खात्यात असताना त्यांना कोणी कधी मत विचारलं नाही, म्हणून आता ते न विचारता देतात. त्यांनी कोंबडीभोवती एक चक्कर मारली, चष्मा काढला, पुसला, घातला.

"मानमोडी," ते म्हणाले. "शंभर टक्के मानमोडी. लागट रोग हाये. खड्डा करा, चुना टाका अन् गाडून टाका."

"जित्ती हाये ती, सूर्यभानजी."

"ते मी पायलं. पन शास्त्र शास्त्र असते."

शिवाय त्यांनी ताप मोजायला सांगितलं. मी घरचं थर्मामीटर पंखाखाली धरलं. ललितानं ते नंतर माझ्यादेखत कचऱ्यात टाकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की तिथं मलाही टाकायचा विचार असावा.

"खायला काय देता?" सूर्यभानजींनी जाता जाता विचारलं, आणि इथं मात्र मी छाती पुढे काढली. खुराकात आमची कसूर नव्हती. ती आली तेव्हाच मी टिनाखालची एक केस रिकामी करून तिच्यासमोर मांडली होती. एका खान्यात ज्वारी, एकात तांदळाची चुरी, एकात गहू, एकात डाळीची टरफलं. कोपऱ्यातल्या खान्यात पाणीसुद्धा. "पूर्ण थाळी जेवते आमची कोंबडी," मी म्हणालो. सूर्यभानजी प्रभावित झाले. त्यांनी दोन खान्यांत बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. अख्ख्या गल्लीत माझ्या त्या केसची वाखाणणी झालेली होती. कबूल करतो, मला ते आवडायचं.

रात्री विचार करून मी सकाळी एक यंत्र बनवलं. मान मागे पडते ना, मग तिला आधार द्यायचा. घरात जाड पुठ्ठा लग्नपत्रिकांचाच होता. तो कापून मी तिच्या गळ्याभोवती पट्टा केला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'आपले आगमन प्रार्थनीय' असं आलं, त्याला माझा इलाज नव्हता. पायका ते आमंत्रण गळ्यात घालून अर्धा तास अंगणात बसली. मग पुठ्ठ्यासकट मागे पडली. इनायत भिंतीवरून पाहत होता.

"शेषरावभाऊ," तो म्हणाला, "इले दवाखान्यात न्या. हे आपल्या हातचं काम नाही राह्यलं."

बोलताना त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून भिंतीवर ठेवला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा. मी पाहिलं. मी रोजच पाहायचो.

सरकारी दवाखान्यात जनावरांची रांग होती. खिडकीवरच्या बाबूनं फॉर्म पुढे ओढला. "जनावर?"

"कोंबडी."

तो बोटानं फॉर्म चाळू लागला. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी. "कोंबडी नाही यात," तो म्हणाला.

"नाही कशी? पाहा नीट."

"तुमीच पाहा." त्यानं फॉर्म फिरवून माझ्यापुढे केला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून तो पार पुसट झालेला होता, पण खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव अजून वाचता येत होतं. माझंच. बारा वर्षांपूर्वी हे काम आमच्याकडे होतं. मेंढीच्या खाली 'कुक्कुट' अशी एक ओळ होती. ती जुळवताना इनायतच्या हातून गळली आणि प्रूफ तपासताना माझ्या डोळ्यांतून. बारा वर्षं या जिल्ह्यात एकही कोंबडी कागदोपत्री आजारी पडलेली नसावी.

मी हे बाबूला सांगितलं नाही. "मंग काय करायचं?" एवढंच विचारलं.

"शेळी लिहा."

मी शेळी लिहिली. नाव पायका, वय दोन वर्षं, तक्रार मान वाकडी. तासाभरानं आतून शिपाई ओरडला, "शेळीवाले कोन?" मी पायकाची पेटी घेऊन उभा राहिलो. लोकांनी पेटीकडे पाहिलं. कुणीतरी हळूच 'बर्ड फ्लू' म्हणालं आणि माझ्या बाकावरची माणसं उठून भिंतीला लागली. आतले डॉक्टर भले माणूस होते. कोपरापर्यंत हात म्हशीच्या कामात होता, तसेच बोलले. "काका, हे नसांचं दिसते. मानमोडी वाटत नाही, कफ नाही, बाकी काही नाही. एक्सरे लागन. अकोल्याले जनावरांचा मोठा दवाखाना हाये, तिथं न्या. उद्याच न्या."

मी घरी पोचेपर्यंत बर्ड फ्लू माझ्याआधी पोचला होता. शेजारच्या खिडक्या बंद. सूर्यभानजी नाकाला दुपट्टा बांधून दारातून एक कागद आत टाकून गेले. त्यात त्यांनी जबाबदार नागरिकाच्या नात्यानं मला तीन सूचना केल्या होत्या, पैकी दोन खड्ड्याविषयी होत्या. आयुष्यभर मी लोकांच्या शुभकार्याच्या पत्रिका छापल्या, आणि आज माझ्या दारावरून माणसं रस्ता बदलून जात होती. मला फार लागलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

दारात फक्त इनायत आला. पायात चपला, खांद्यावर टॉवेल.

"चला, मी येतो अकोल्याले. पेटी अन् पिशवी दोन्ही तुमच्यानं होत नाही."

"तुया हात असा..."

"एक हात चालते नं माहा. दोन तुमचे. तीन हातांत एक कोंबडी मावत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एस.टी.त बसलो. पेटी इनायतच्या मांडीवर. कंडक्टरनं पेटीवर टकटक केलं. "काय हाये यात?"

मी गोंधळून केसपेपर पुढे केला. त्यानं वाचला. "शेळी? एवढ्या पेटीत?"

"शेळी म्हंजे कोंबडी हाये," मी म्हणालो. "छपाईची चूक हाये ती." हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं, पण ते कुठूनही बरं वाटत नाही.

इनायतनं मध्ये तोंड घातलं. "साहेब, दवाखान्यात जाऊन राह्यलो. मरीज हाये सोबत."

कंडक्टरनं पायकाच्या मानेकडे पाहिलं. मग पेटीच्या काठावरून लोंबणाऱ्या इनायतच्या पंजाकडे पाहिलं. "दोघातला कोनता?" त्यानं विचारलं.

पुढचे-मागचे सगळे हसले. इनायतही हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर आरती होत्या. वयानं माझ्या भावनाएवढ्या. त्यांनी पायकाला टेबलावर घेतलं, एक पंख उचलून सोडला. तो गळून पडला. पाय ओढून पाहिला. डोळ्यांत टॉर्च मारला. पोट चाचपताना त्यांचा हात थांबला आणि त्या म्हणाल्या, "एक्सरे काढू."

एक्सरे उजेडाच्या पेटीवर लागला. कोंबडीच्या आतलं मला काय कळणार? पण मधोमध, जिथं दाणे दळले जातात त्या पोटळीत, पांढरेशुभ्र सहा-सात तुकडे चमकत होते. सरळ कडांचे, चौकोनी.

"हे काय गिळलंय हिनं?" डॉक्टर म्हणाल्या. "खिडकीची जाळी? बंदुकीचे छर्रे?"

इनायत पुढे झाला. त्यानं चष्मा कपाळावर केला, काचेजवळ नाक नेलं आणि प्रूफ वाचावं तसं वाचलं. "हा पातळ हाये नं, हा वेलांटीचा. हे दोन मात्रेचे. अन् हा जाडा, हा मधोमध मोडलेला हाये, मोठ्या टाईपाचा. आमचे खिळे हायेत हे, मॅडम. छापखान्याचे."

"छापखान्याचे म्हणजे? कशाचे असतात?"

"शिशाचे," मी म्हणालो.

"ही दाणे कशात खाते?"

मी सांगितलं. केस, खाने, ज्वारी, चुरी, पाण्याचा खाना. काल-परवापर्यंत छाती पुढे काढून सांगायचो तेच सगळं. केस मी झटकून घेतली होती, पण सांदीत अडकलेले बारीक खिळे राहिले असणार, आणि तीस वर्षांची शिशाची भुकटी त्या लाकडात मुरलेली. त्यातच दाणे, त्यातच पाणी.

डॉक्टरांनी टॉर्च खाली ठेवला. "काका, शिसं विष आहे. रक्तातून नसांत जातं. आधी पोट दुखतं, भूक मरते, विसर पडतो. मग नसा सुटतात. पक्ष्याची मान जाते, पंख गळतो. इंजेक्शनं देते मी, पण फार आशा धरू नका. पुष्कळ दिवसांचं दिसतंय." मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहीत, सहज विचारावं तसं विचारलं, "अंडी देते का?"

"द्यायची. आठ दिवसांआधीपर्यंत."

"अंड्यात उतरतं ते. कोण खायचं अंडी?"

मी फरशीकडे पाहिलं. फरशीवर एक पीस पडलेलं होतं.

"मी," इनायत म्हणाला, आणि शाळेतल्या पोरासारखा त्यानं हात वर केला. सवयीनं उजवा. हात वर गेला आणि पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला.

डॉक्टर त्या हाताकडे पाहत राहिल्या. "हे कधीपासून आहे, काका?"

"हे? हा तं वात हाये. झाले असतीन बारा वर्षं."

"आणि तुम्ही काम कशात केलंत?"

"यायच्याच छापखान्यात. खिळे जुळवाचो. सव्वीस वर्षं."

"पोट दुखायचं?"

"लय. अन् हातातली वस्तू सुटे." तो जरा हसला. "तोंडात बी धराचो नं खिळे. गोड लागतेत ते थोडेसे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग फार हळू म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसाचं मी सांगू नये. पण तुम्ही उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा आणि शिशासाठी रक्त तपासायला सांगा. मी चिठ्ठी देते. वात नसावा हा. तेव्हाच कुणाच्या लक्षात आलं असतं, काम थांबवून औषध मिळालं असतं, तर हात परत येण्याची शक्यता होती. आता... बघू या." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ती केस जाळू नका हं. धूरही वाईट."

बाहेर लिंबाखाली बाक होता. आम्ही बसलो. पायका आमच्या मध्ये पेटीत, इंजेक्शन घेऊन गप्प. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हात कामातून चालला होता, आणि मी माणूस कामावरून काढला होता. तिसऱ्यांदा पान सांडलं तेव्हा 'हात हायेत का लाकडं' असं मी विचारलं होतं. बरोबर प्रश्न विचारला होता मी. फक्त उत्तराला थांबलो नाही. आणि मग एवढी वर्षं झाली, मनाला टोचलं, म्हणून पुन्हा त्याला काय नेऊन दिलं, तर तेच शिसं, रोज सकाळी, ताजं, माझ्या हातानं.

"इनायत," मी म्हणालो, "जहर देत होतो मी तुले. रोज."

तो समोर पाहत होता. "मले अंडं आवडतच नाही," तो म्हणाला. "लहानपनापासून. वास येते मले त्याचा."

"मंग खात कायले होता?"

"तू आनत होता नं."

अकरा वर्षांनी 'तू'. मी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला, पुन्हा काढला.

"रजिया म्हने, नका खाऊ, मी वाटून देतो कोनाले. म्या म्हनलं, नाही. शेष्या उद्या इचारन, कसं लागलं अंडं. त्याले खोटं बोलता येते काय? पाच मिनिटं बसते माणूस."

"इनायत, त्या दिवशी भावनाच्या पत्रिकेच्या वक्ताले मी तुले..."

"थांब थांब," तो म्हणाला. काहीतरी त्याच्या मनात जुळत होतं. ओळ जुळवताना त्याचे ओठ हलायचे तसे हलत होते. "डॉक्टरीन काय म्हनली? शिसं नसांत जाते. नसा सुटतेत. मंग वस्तू सुटते."

"हाव."

"म्हंजे ते पान सुटलं ते याच्यानं?"

"हाव, इनायत."

"अन् ओळी गळे त्या? अन् उलटे खिळे लागे ते?"

"हाव."

तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "म्हंजे मी काम इसरलो नव्हतो?"

"नाही," मी म्हणालो. "तू काम इसरला नव्हता. मीच चुकलो. मले माफ कर."

माफीचं त्याला ऐकूच गेलं नाही. इतकी वर्षं घोकून ठेवलेली ती माफी लिंबाखाली तशीच पडून राहिली. तो डाव्या हातानं खिशातला फोन काढत होता. "रजिया," तो ओरडला, "सुन! मै काम नही भूला था! हां, हां, डॉक्टरनी बोली. नस की बीमारी थी. काम नही भूला था मै!" पलीकडून रजियाबी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तो फोन ठेवायचा आणि काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा लावायचा. त्याला रक्त तपासायचं होतं, हात परत येणार नव्हता, सव्वीस वर्षांचं आणि वर दोन वर्षांचं शिसं अंगात होतं, आणि हा माणूस अकोल्याच्या त्या बाकावर नोकरी लागल्यासारखा खूश होता. मला त्याचं ते सुख पाहवेना. अकरा वर्षं तो रोज सकाळी उठून हेच समजत होता की आपण काम विसरलो.

परतीच्या एस.टी.त त्यानं पायकाला पेटीतून काढून मांडीवर घेतलं. तिची मान त्याच्या त्या लोंबत्या पंजावर टेकवली. शेजारी वरूडकडचा एक संत्र्यांचा व्यापारी बसला होता. इनायतनं त्याला बोरगावपर्यंत केस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "सव्वीस वर्षं," तो सांगत होता. "न पाहता जुळवाचो. ह्यो मालक होता माहा, इचारा याले. एक चूक नाही. बादमे जे झालं ते बीमारीनं झालं." व्यापाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तीनदा विचारलं, तीनदा डोलावली.

मूर्तिजापूर सोडलं आणि पायकाची मान हळूहळू सरळ झाली. मंगळवारपासून पहिल्यांदा. ती आता खिडकीबाहेर कपाशीच्या शेतांकडे पाहत असल्यासारखी दिसत होती.

"पाह्य ना, शेष्या!" इनायत म्हणाला. "मान सरळ झाली इची! इंजेक्शन लागू पडलं!"

मी पिसं सारखी करावीत तसा तिच्या पंखाखाली हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. धडधड हाताला लागली नाही.

"हाव," मी म्हणालो. "लागू पडलं."

तो पुन्हा रजियाबींना फोन लावू लागला. घराच्या अलीकडचं बडनेरा येईपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही.